वरातीमागून आलेले सत्य

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील फ्रान्सचे राजदूत जेरार अरो सेवानिवृत्त झाले. निरोपाच्या दिवसांत राजदूताने यजमान देशाच्या आतिथ्याची वाखाणणी करावी, दोन राष्ट्रांच्या मैत्रीचे गोडवे गावेत आणि गाजावाजा न करता सामानाची बांधाबांध करावी, ही राजनयातील रूढ रीत. अरो यांनी ती मोडली. एकामागून एक दिलेल्या मुलाखतींत त्यांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या कारभाराची तुलना चौदाव्या लुईच्या अखेरच्या काळातील दरबाराशी केली. राजा म्हातारा आहे, लहरी आहे, त्याला पुरेशी माहिती नाही, पण निर्णय मात्र त्यालाच घ्यायचा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ट्रम्प यांचे जामात जॅरेड कुश्नर यांची पश्चिम आशिया शांतता योजना नव्व्याण्णव टक्के फसणार, असे भाकीत त्यांनी वर्तवले. पॅलेस्टिनींना इस्रायल ना स्वतंत्र राज्य देणार, ना नागरिकत्व. तेव्हा या स्थितीला वर्णविद्वेषी राजवट म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, असेही त्यांनी सांगून टाकले.

या मुलाखतींची जगभर चर्चा झाली. अरो यांच्या वाट्याला ‘निर्भीड’, ‘परखड’, ‘सत्यवक्ते’ अशी विशेषणे आली. कोणाला ती विधाने पटली, कोणाला झोंबली. पण त्या कौतुकाच्या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. सुमारे चार दशके एका महासत्तेच्या वतीने बोललेल्या या मुत्सद्द्याच्या स्पष्टवक्तेपणाची दिशा नेमकी कोणती होती? ते कोणाविषयी परखड बोलत आले, आणि कोणाविषयी बोलण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या जिभेला तत्त्वज्ञानाचा लेप चढला? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर अरो यांची सारी कारकीर्दच तपासावी लागते. ती तपासणे भारतीयांच्या दृष्टीनेही उपयोगाचे आहे. कारण तिच्या सर्वांत महत्त्वाच्या पर्वात संयुक्त राष्ट्रांच्या त्याच मेजाभोवती भारतही बसलेला होता.

साच्यातून घडलेला मुत्सद्दी

जेरार अरो यांचा जन्म १९५३ सालचा, मार्सेय या बंदराच्या शहरातला. पॅरिसच्या ख्यातनाम एकोल पॉलितेक्निकमध्ये त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे सनदी अधिकारी घडविणाऱ्या राष्ट्रीय प्रशासन प्रबोधिनीतून ते १९८२ मध्ये परराष्ट्र सेवेत आले. फ्रान्समधील सत्तेचा वर्ग याच दोन-चार संस्थांतून घडतो. मंत्री येतात आणि जातात. हा वर्ग मात्र जागचा हलत नाही. फ्रान्सचे साम्राज्य मावळले, तरी फ्रान्स ही जगाला दिशा देणारी शक्ती आहे ही भावना या वर्गात आजही तेवत असते.

अरो यांची पहिली नेमणूक तेल अवीवच्या दूतावासात झाली. त्यानंतर पॅरिसमधील धोरण-विचार विभाग, १९८७ ते १९९१ या काळात वॉशिंग्टन, आणि १९९३ ते १९९५ या काळात संरक्षणमंत्री फ्रांस्वा लेओतार यांच्या कार्यालयात राजनैतिक सल्लागार, अशी त्यांची वाटचाल झाली. यांतील शेवटचा कालखंड विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये रवांडात तुत्सी जमातीचा वंशविच्छेद सुरू झाला आणि तीन महिन्यांत आठ लाखांच्या आसपास माणसे कापली गेली. ज्या हुतू राजवटीच्या छत्राखाली या संहाराची तयारी झाली, तिला फ्रान्सने वर्षानुवर्षे लष्करी साहाय्य दिले होते. संहार बव्हंशी उरकल्यावर, जूनच्या अखेरीस, फ्रान्सने ‘ऑपरेशन तुर्क्वाझ’ या नावाने तेथे मानवतावादी म्हणून सैन्य पाठवले. इतिहासकार व्हेन्सां द्युक्लेर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी नेमलेल्या आयोगाने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला. वंशविच्छेदात फ्रान्स सहभागी असल्याचा पुरावा आढळत नाही. परंतु फ्रान्सवर जड आणि चिरडून टाकणारी जबाबदारी येते, असा त्याचा निष्कर्ष होता. या पापाचे माप एकट्या सल्लागाराच्या पदरात घालणे अन्यायाचे ठरेल. पण पंचवीस वर्षांहून अधिक काळ फ्रान्सच्या शासनयंत्रणेने या विषयावर मौन पाळले आणि त्याच काळात तिचे प्रतिनिधी जगाला मानवाधिकाराचे पाठ देत राहिले, हे विसरून चालणार नाही.

पुढची पाच वर्षे, १९९५ ते २०००, अरो नाटोमध्ये फ्रान्सचे उपस्थायी प्रतिनिधी होते. याच काळात, १९९९ मध्ये, नाटोच्या विमानांनी कोसोवोच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बाँबफेक केली. तिला सुरक्षा परिषदेची संमती नव्हती. जो कायदा इतरांनी मोडला तर जगबुडी होते, तो स्वतः मोडला तर ‘अपवादात्मक परिस्थिती’ ठरते, हा धडा त्या ७८ दिवसांत साऱ्या जगाला मिळाला.

पद मिळण्याआधीच वाद

२००३ मध्ये अरो यांची इस्रायलमध्ये राजदूत म्हणून निवड झाली. ते रुजू होण्यापूर्वीच वाद उभा राहिला. पॅरिसमधील एका समारंभात खासगी संभाषण करताना त्यांनी इस्रायलला संशयपिशाच्चाने पछाडलेला देश म्हटले आणि पंतप्रधान एरियल शेरॉन यांच्याविषयी गुंड या अर्थाचा शब्द वापरला, असे वृत्त एका इस्रायली दैनिकाने दिले. दोन वर्षांपूर्वीच लंडनमधील फ्रेंच राजदूत दानियेल बेर्नार यांनी इस्रायलविषयी काढलेल्या असभ्य उद्गारांनी गहजब झाला होता. त्या जखमेवरची खपली नव्या वृत्ताने निघाली. फ्रान्सकडून खुलासे झाले, इस्रायलने नापसंती व्यक्त केली आणि अखेर अरो तेल अवीवला रुजू झाले. तेथे ते २००६ पर्यंत राहिले. त्यांच्याच कार्यकाळात, जुलै २००५ मध्ये, शेरॉन यांचे पॅरिसमध्ये सन्मानाने स्वागतही झाले. पॅरिसच्या समारंभात एक भाषा आणि तेल अवीवच्या दरबारात दुसरी, अशी ही तऱ्हा होती.

इस्रायलहून परतल्यावर २००६ ते २००९ अशी तीन वर्षे अरो परराष्ट्र खात्याचे राजकीय महासंचालक होते. इराणच्या अणुकार्यक्रमावरील वाटाघाटींत ते फ्रान्सचे प्रमुख वाटाघाटीकार होते आणि त्यांची भूमिका कडक मानली जाई. फ्रेंच पत्रकारांनी त्यांची गणना नवरूढिवाद्यांत केली, ती याच काळात. या कालखंडाविषयी भारतीयांनी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सवलत दिली, तेव्हा फ्रान्स भारताच्या बाजूने उभा होता आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भारताशी नागरी अणुकरार करणारा पहिला देशही फ्रान्सच होता. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतरही फ्रान्सने भारतावर निर्बंध लादले नव्हते. सुरक्षा परिषदेतील भारताच्या स्थायी सदस्यत्वालाही फ्रान्सचा पाठिंबा आहे. फ्रान्स भारताचा मित्र आहे, हे निर्विवाद. पण मित्राची मैत्री जपताना त्याच्या उपदेशाचे मोल पारखून घेऊ नये, असे कोणत्याही नीतिशास्त्रात सांगितलेले नाही.

लिबिया : उपदेशाची किंमत

२००९ मध्ये अरो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांतील फ्रान्सचे स्थायी प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांच्या कारकीर्दीचे हे शिखर, आणि तिची खरी परीक्षाही येथेच. जानेवारी २०११ मध्ये भारत दोन वर्षांसाठी सुरक्षा परिषदेत दाखल झाला. १९१ पैकी १८७ मते मिळवून झालेली ही निवड होती. भारताचे स्थायी प्रतिनिधी होते हरदीपसिंग पुरी.

फेब्रुवारीत लिबियात कर्नल गद्दाफीच्या राजवटीविरुद्ध उठाव झाला. २६ फेब्रुवारीला निर्बंध घालणारा ठराव क्रमांक १९७० एकमताने संमत झाला. त्याला भारतानेही पाठिंबा दिला. पण फ्रान्स आणि ब्रिटन यांना तेवढ्याने समाधान नव्हते. नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजण्याची मुभा देणारा ठराव त्यांनी पुढे रेटला. अमेरिकेचे प्रशासन प्रारंभी नाखूश होते. अमेरिकेच्या प्रतिनिधी सुझन राइस यांनी, तुमच्या या घाणेरड्या युद्धात आम्हाला ओढू नका, अशा अर्थाचे खरमरीत शब्द आपल्याला ऐकवले होते, हे पुढे खुद्द अरो यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. तरीही १७ मार्च २०११ रोजी ठराव क्रमांक १९७३ दहा विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. पाच देश तटस्थ राहिले : भारत, ब्राझील, चीन, रशिया आणि जर्मनी.

त्या दिवशी भारताचे उपप्रतिनिधी मनजीवसिंग पुरी यांनी मांडलेली भूमिका आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती परिषदेपुढे आलेली नाही, महासचिवांच्या विशेष दूताचा अहवाल मिळालेला नाही, उपाययोजना कोण आणि कशी करणार याविषयी स्पष्टता नाही. अशा स्थितीत घाई नको, असा तिचा आशय होता. हा युक्तिवाद करताना भारताला कोणत्याही हुकूमशहाचे प्रेम नव्हते. लिबियात तेव्हा सुमारे अठरा हजार भारतीय कामगार होते. ‘ऑपरेशन सेफ होमकमिंग’ राबवून भारत सरकारने विमानांनी आणि जहाजांनी त्यांतील बहुतेकांना मायदेशी आणले. भूमीवरच्या परिस्थितीची झळ कोणाला बसत होती आणि नकाशे पसरून कोण बोलत होते, हे येथेच स्पष्ट होते.

१९ मार्चला फ्रान्सच्या विमानांनी पहिला हल्ला चढवला. मध्यस्थीसाठी निघालेल्या आफ्रिकी संघाच्या शिष्टमंडळाला लिबियात उतरण्याची परवानगीही मिळाली नाही. ठरावाने नागरिकांच्या रक्षणाची मुभा दिली होती; तिचे रूपांतर पाहता पाहता सत्तापालटात झाले. २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला. पॅरिस आणि लंडन येथे विजयाचे ढोल वाजले. आणि त्यानंतर?

त्यानंतर लिबियात दोन सरकारे आणि शेकडो सशस्त्र टोळ्या उरल्या. ११ सप्टेंबर २०१२ रोजी बेनगाझीत अमेरिकेचेच राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स मारले गेले. लिबियाच्या शस्त्रागारांतील शस्त्रे सहारा ओलांडून मालीत पोहोचली. तेथील बंडाळी आवरण्यासाठी जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सलाच सैन्य उतरवावे लागले. नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, ते सैन्य मालीतून बाहेर पडले. पाठोपाठ २०२३ मध्ये बुर्किना फासो आणि नायजर येथूनही फ्रेंच सैन्याला काढता पाय घ्यावा लागला. २०१७ मध्ये लिबियात स्थलांतरितांचे गुलाम म्हणून लिलाव होत असल्याची दृश्ये जगाने पाहिली. आपल्या अध्यक्षीय कारकीर्दीतील सर्वांत मोठी चूक म्हणजे लिबियातील हस्तक्षेपानंतरच्या दिवसांची तयारी न करणे, असे बराक ओबामा यांनी २०१६ मध्ये मान्य केले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने हस्तक्षेपाची गृहीतकेच चुकीची होती, नागरिकांवरील धोका अतिरंजित करण्यात आला होता, असा निर्वाळा दिला. विश्वासार्ह माहिती नाही, असे भारत १७ मार्च २०११ रोजी म्हणाला होता. ब्रिटनच्या संसदेला तेच कळायला साडेपाच वर्षे लागली.

ज्या राष्ट्राध्यक्षांनी हे युद्ध पुढाकार घेऊन घडवले, त्या निकोला सार्कोझी यांना सप्टेंबर २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने २००७ च्या निवडणुकीसाठी याच गद्दाफीच्या राजवटीकडून पैसा मिळविण्याच्या कटाबद्दल दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. अन्य आरोपांतून त्यांची मुक्तता झाली आणि शिक्षेविरुद्ध त्यांनी अपील केले. अंतिम निर्णय काहीही लागो. मानवतेच्या नावाने लढलेल्या युद्धाची ही मागची बाजू उजेडात यावी, हा काळाचा न्याय म्हणायचा.

तटस्थांना दिलेले बोल

लिबियाबरोबरच आयव्हरी कोस्टची कथाही सांगितली पाहिजे. या आपल्या जुन्या वसाहतीविषयीचा ठराव क्रमांक १९७५ फ्रान्सने नायजेरियाच्या साथीने मांडला आणि तो ३० मार्च २०११ रोजी एकमताने संमत झाला. त्याला मत देतानाही भारताने बजावले होते की, शांतिसैनिकांना सत्तापालटाचे हत्यार बनवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत हजारो जवान पाठवणाऱ्या देशाची ती रास्त चिंता होती. पुढच्या दोन आठवड्यांत फ्रेंच सैन्य आणि संयुक्त राष्ट्रांची हेलिकॉप्टरे अध्यक्ष लोराँ ग्बाग्बो यांच्या ठाण्यांवर मारा करीत होती. ११ एप्रिलला ग्बाग्बो पकडले गेले आणि त्यांची रवानगी हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात झाली. तेथे जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे अरो यांच्या निवृत्तीच्या तीन महिने आधी, ग्बाग्बो यांची निर्दोष मुक्तता झाली आणि २०२१ मध्ये अपिलातही ती कायम राहिली.

या साऱ्या काळात तटस्थ राहणाऱ्या देशांना काय ऐकावे लागले? जगात मोठे स्थान हवे तर मोठी जबाबदारीही घ्या. लोकशाही म्हणवता तर लोकशाहीच्या बाजूने उभे राहा. भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांच्या परिषदेतील वर्तनाने आपली निराशा झाली, असा सूर सुझन राइस यांनी सप्टेंबर २०११ मध्ये जाहीरपणे लावला. ऑक्टोबर २०११ मध्ये सीरियावरील पहिल्या ठरावाला रशिया आणि चीन यांनी नकाराधिकार वापरून रोखले, तेव्हा अरो यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. त्या दिवशीही भारत तटस्थ होता. लिबियात ठरावाचा अर्थ ताणून सत्तापालट घडविणाऱ्यांना दुसऱ्यांदा कोरा धनादेश कोण देणार? सीरियातील रक्तपाताला असाद यांची राजवट जबाबदार होती, यात शंका नाही. पण परिषदेतील परस्परविश्वास जो मेला तो लिबियात, आणि त्याच्या मारेकऱ्यांत फ्रान्सचा क्रमांक वरचा होता. भारताने पुढे २०१२ मध्ये सीरियाविषयीच्या ठरावांच्या बाजूने मतदानही केले. प्रत्येक प्रश्न त्याच्या गुणावगुणांवर तपासून मत देणे, यालाच स्वतंत्र परराष्ट्र धोरण म्हणतात. ज्याला ते कळत नाही, तो त्याला कुंपणावर बसणे म्हणतो.

लिहिणे आणि पुसणे

२०१४ मध्ये अरो वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले आणि तेथे ट्विटर हे त्यांचे आवडते हत्यार बनले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ट्रम्प यांचा विजय दिसू लागताच, ब्रेक्झिट आणि या निवडणुकीनंतर आता काहीही शक्य आहे, आपल्या डोळ्यांदेखत एक जग कोसळत आहे, असे त्यांनी लिहिले. आणि थोड्या वेळाने पुसून टाकले. ७ डिसेंबर २०१७ रोजी, पर्ल हार्बरच्या स्मृतिदिनी, १९३० च्या दशकात फॅसिस्ट सत्तांविरुद्ध फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या बाजूने उभे राहण्यास अमेरिकेने नकार दिला होता, याची आठवण त्यांनी अमेरिकनांना करून दिली. दुसऱ्याच्या घरच्या श्राद्धाच्या दिवशी उणीदुणी काढण्याचा हा प्रकार अमेरिकनांना रुचला नाही. तेही पुसावे लागले. एप्रिल २०१९ मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर, इराणच्या युरेनियम समृद्धीकरणाविषयी त्यांनी जे लिहिले, त्यावरून तेहरानने तेथील फ्रेंच राजदूताला बोलावून जाब विचारला. तेही शब्द नंतर नाहीसे झाले.

तीनदा लिहिले, तीनदा पुसले. यात एक क्रम दिसतो. अमेरिकी मतदार, अमेरिकेचा इतिहास, इराणचे अधिकार. परखडपणाचा रोख प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या अंगणाकडे आहे. लिबियाविषयी, मालीविषयी, रवांडाविषयी असे अर्ध्या रात्री लिहून सकाळी पुसावे लागलेले वाक्य या राजदूताच्या नावावर प्रसिद्ध नाही. दुसऱ्या देशाच्या मतदारांनी दिलेला कौल हा ‘जग कोसळण्याचा’ क्षण वाटतो. पण आपल्या विमानांनी एक देश कोसळवला, तेव्हा तो नागरिकांच्या रक्षणाचा क्षण वाटतो.

राजदूत हा शासनाचा निरोप्या असतो, त्याने स्वतःच्या सरकारवर टीका कशी करावी, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप खरा आहे. पण मग ज्याला स्वतःच्या सरकारविषयी बोलण्याचे स्वातंत्र्य नाही, त्याने दुसऱ्याच्या सरकारविषयी बोलण्याचे स्वातंत्र्यही घेऊ नये. शिस्त पाळायची तर ती दोन्ही बाजूंनी पाळावी. घरात मौन आणि चव्हाट्यावर वक्तृत्व, याला निर्भीडपणा म्हणत नाहीत.

पाच महिन्यांचे अंतर

आता पुन्हा एप्रिल २०१९ कडे वळू या. इस्रायलमधील स्थितीला अरो यांनी वर्णविद्वेषी राजवटीची उपमा दिली, ती या महिन्यात. या उपमेशी सहमत व्हायचे की नाही हा वेगळा प्रश्न. इस्रायलच्या मित्रांना ती अन्यायाची वाटली आणि पॅलेस्टिनींच्या समर्थकांना ती उशिराची वाटली. पण ज्याला एखादे राज्य खरोखरच वर्णविद्वेषी वाटते, तो पुढे काय करील? सप्टेंबर २०१९ मध्ये, अवघ्या पाच महिन्यांत, अरो एन.एस.ओ. ग्रुप या इस्रायली कंपनीचे वरिष्ठ सल्लागार झाले.

ही कंपनी ‘पेगासस’ नावाची हेरप्रणाली बनवते. मोबाइल फोनमध्ये शिरून त्यातील संदेश, छायाचित्रे, संभाषणे टिपणारे हे हत्यार परदेशी सरकारांना विकायचे तर इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो. थोडक्यात, ज्या राज्यव्यवस्थेवर एप्रिलमध्ये ठपका ठेवला, तिच्याच परवान्याने चालणाऱ्या धंद्याला सप्टेंबरमध्ये मानवाधिकारांविषयी सल्ला देण्याचे काम त्यांनी पत्करले. त्यांचे हे सल्लागारपद सुमारे वर्षभर टिकले.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपने या कंपनीवर अमेरिकेत खटला भरला. सुमारे चौदाशे वापरकर्त्यांच्या फोनवर हल्ला झाल्याचा आरोप होता आणि त्यांत भारतीयही होते. जुलै २०२१ मध्ये पेगाससच्या संभाव्य लक्ष्यांची म्हणून जी यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात खुद्द फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांचा क्रमांक असल्याचे वृत्त आले. माक्राँ लक्ष्य नव्हते, असे कंपनीने सांगितले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने कंपनीला व्यापारबंदीच्या यादीत टाकले. मे २०२५ मध्ये अमेरिकी ज्यूरीने तिला सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलर भरण्यास सांगितले. न्यायाधीशांनी पुढे दंडाची रक्कम बरीच घटवली, पण व्हॉट्सअॅपच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करण्यास कायमची मनाई केली.

अरो यांनी यात कोणता कायदा मोडला, असे कोणी म्हटलेले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. प्रश्न कायद्याचा नाही, औचित्याचा आहे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण मराठी माणसाला नवी नाही. पण खायचे दात दिसल्यावरही दाखवायच्या दातांचे कौतुक थांबू नये, याचे नवल वाटते.

भारताने काय घ्यावे

निवृत्तीनंतर अरो यांनी लेखनात चांगलाच जम बसवला आहे. २०१९ मध्ये त्यांच्या चाळीस वर्षांच्या सेवेच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. २०२१ मध्ये हेन्री किसिंजर यांचे चरित्र, २०२३ मध्ये दोन महायुद्धांमधील फ्रेंच राजनयाचा इतिहास आणि २०२४ मध्ये इस्रायलविषयीचा ग्रंथ आला. ते आता स्वतःला वास्तववादी म्हणवतात. राष्ट्रे हितसंबंधांवर चालतात, नैतिक प्रवचनांवर नव्हे, असे ते सांगतात. हे सत्य आहे आणि अभ्यासू वाचकाने ते वाचावे. मात्र हेच सत्य भारताने २०११ मध्ये मतपत्रिकेतून सांगितले, तेव्हा त्याला बेजबाबदारपणा ठरवले गेले. सत्तेच्या मेजावर बसलेला असताना जो आदर्शवादी असतो आणि मेजावरून उठताच वास्तववादी होतो, त्याचे ज्ञान म्हणजे वरातीमागून निघालेले घोडे. तोवर लिबियाचे लग्न लागून गेलेले असते.

भारताच्या वतीने त्या मेजावर बसलेल्या हरदीपसिंग पुरी यांनीही निवृत्तीनंतर, २०१६ मध्ये, या हस्तक्षेपांवर पुस्तक लिहिले. पण त्यांच्या पुस्तकातील भूमिका आणि त्यांच्या देशाने परिषदेत घेतलेली भूमिका यांत अंतर नव्हते. पदावर असताना एक आणि पदावरून उतरल्यावर दुसरे, अशी कसरत भारताच्या प्रतिनिधीला करावी लागली नाही. हा फरक व्यक्तींच्या सद्गुणांचा नाही. आपली भूमिका सुरुवातीलाच परवडेल एवढी प्रामाणिक ठेवण्याचा तो परिणाम आहे.

भारतात एक वर्ग असा आहे की, पॅरिस-वॉशिंग्टनच्या कोणा माजी मुत्सद्द्याने चार परखड वाक्ये उच्चारली की त्याला विवेकाचा आवाज म्हणून डोक्यावर घ्यावे. आणि भारत एखाद्या ठरावावर तटस्थ राहिला की शरमेने मान खाली घालावी. २०२२ मध्ये युक्रेनच्या प्रश्नावरही तेच घडले. इतिहासाच्या योग्य बाजूला उभे राहा, असा उपदेश भारताला पुन्हा झाला. त्या उपदेशाला उत्तर देण्यापूर्वी एवढेच विचारावे की, लिबियात इतिहासाची योग्य बाजू कोणती होती, आणि ती कोणी ठरवली होती?

सुरक्षा परिषदेत आजही पाचच स्थायी आसने आहेत. दीडशे कोटींच्या भारताला तेथे कायमची जागा नाही; सात कोटींच्या फ्रान्सला आहे, आणि नकाराधिकारही आहे. जागा कधी मिळेल ते मिळो. पण ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी भारताच्या राजदूताने मेजावर बसूनच ते बोलावे, जे अरो यांना मेजावरून उठल्यावर सुचले. सत्य सांगायला निवृत्तीची वाट पाहावी लागू नये, एवढीच त्या आसनाची खरी पात्रता आहे.